हाताला मुंग्या, डोळ्यांसमोर अंधारी: पडून राहायचे की गाडी काढायची? बारामती-इंदापूरकरांसाठी २७० मिनिटांचा हिशेब

अचानक आलेला बधिरपणा आणि चक्कर बहुतेक वेळा किरकोळ कारणाने येते. पण काही वेळा तोच पक्षाघाताचा पहिला इशारा असतो. फरक कसा ओळखायचा, कुठे जायचे आणि घरी काय करायचे नाही? वाचा सविस्तर.

पहाटेची धार काढायला बसलेल्या माणसाचा डावा हात अचानक जड पडतो. हातातली बादली सुटते. घरातले म्हणतात, "रात्री हातावर झोपला असशील. पड जरा, बरं वाटेल." अर्ध्या तासाने बोलणे अडखळू लागते. कोणी पाणी पाजते, कोणी तळहाताला तेल चोळते. "दिवस उजाडू द्या, मग दवाखाना उघडेल," असे ठरते.

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या कोणत्याही वाडी-वस्तीवर घडू शकेल असा हा प्रसंग. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण जी मिनिटे उपचाराला हवी होती, ती घरातच संपतात. रुग्णालयात पोहोचल्यावर "आणखी लवकर आणायला हवे होते" हे वाक्य ऐकावे लागते, आणि पुढची कित्येक वर्षे तो हात तसाच राहतो.

दुसरी बाजूही आहे. मांडी घालून बसल्यावर पायाला आलेल्या मुंग्या किंवा उपाशीपोटी उन्हात आलेली चक्कर म्हणजे लगेच पक्षाघात नव्हे. दर वेळी घाबरून पुण्याला धाव घेणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही. म्हणून आधी वर्गवारी करता आली पाहिजे: आत्ताच्या आत्ता निघायचे, आज-उद्या डॉक्टरांना दाखवायचे, की सवडीने तपासणी करायची?

आधी नेमके काय होतेय ते सांगा

आपण 'चक्कर' हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. डॉक्टरांना मात्र त्यातला फरक कळला की अर्धे निदान होते.

- गरगरणे: घर फिरतेय, पलंग फिरतोय असे वाटणे. याचे मूळ बहुधा आतल्या कानात, क्वचित मेंदूच्या मागच्या भागात असते.
- घेरी किंवा अंधारी येणे: डोळ्यांसमोर काळोखी, कानात आवाज, आता पडणार असे वाटणे. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडल्याची ही खूण. रक्तदाब, पाण्याची कमतरता, रक्तक्षय किंवा हृदयाचे ठोके यांच्याशी तिचा संबंध असतो.
- तोल जाणे: डोके ठीक, पण पाय सरळ पडत नाहीत.

बधिरपणाचेही तसेच. 'मुंग्या येणे' म्हणजे टोचल्यासारखे होणे, 'बधिर होणे' म्हणजे स्पर्श न कळणे आणि 'लुळे पडणे' म्हणजे ताकद जाणे. नुसत्या मुंग्यांपेक्षा ताकद गेली असेल तर धोका जास्त.

याशिवाय तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवा. त्रास एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना? सेकंदात सुरू झाला की हळूहळू वाढला? आणि नेमका किती वाजता सुरू झाला?

कोणती लक्षणे दिसली की एक मिनिटही थांबायचे नाही?

पक्षाघाताला गावाकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. त्यात वाऱ्याचा काही संबंध नसतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागाच्या ताब्यातले अवयव काम थांबवतात. ओळखण्यासाठी सहा गोष्टी लक्षात ठेवा:

१. तोल: अचानक चालता न येणे, एका बाजूला झुकणे.
२. नजर: अचानक दिसेनासे होणे किंवा एकाचे दोन दिसणे.
३. चेहरा: हसायला सांगा. तोंडाचा एक कोपरा खाली राहतोय का?
४. हात: दोन्ही हात समोर उचलून दहा सेकंद धरायला सांगा. एक हात खाली येतोय का?
५. बोलणे: एक साधे वाक्य म्हणायला सांगा. जीभ अडखळतेय, शब्द चुकतायत, की समोरच्याचे समजतच नाहीये?
६. वेळ: यातले एक जरी लक्षण अचानक आले असेल, तर घड्याळ पाहा, वेळ लिहा आणि १०८ क्रमांक फिरवा.

यासोबत आणखी काही इशारे: आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे, धडधड किंवा धाप लागून आलेली घेरी, श्रम करताना शुद्ध हरपणे, डोक्याला मार लागल्यानंतरचा बधिरपणा, गरोदरपणात चक्कर, पोटात तीव्र वेदना किंवा अंधुक दिसणे. या सगळ्यांना आजच्या आज नव्हे, आत्ताच मदत लागते.

२७० मिनिटे म्हणजे काय?

गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध शिरेतून देता येते. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्याची दोन प्रचलित नावे. लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, म्हणजे २७० मिनिटांत, ते दिले तर उपयोग होतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ही मर्यादा तीन तास होती. २००८ च्या युरोपीय अभ्यासानंतर ती साडेचार तासांवर गेली. मात्र साडेचार तास आहेत म्हणून सावकाश चालते, असे नाही. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यावर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

हे औषध देण्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. कारण रक्तवाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे, हे बाहेरून कळत नाही. फुटलेली असताना हेच औषध दिले तर जीव जाऊ शकतो. म्हणजे ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही, तिथे हा उपचार सुरूच होऊ शकत नाही.

आता आपल्या भागाचा हिशेब मांडू. इंदापूर ते पुणे सुमारे १४० किलोमीटर, बारामती ते पुणे सुमारे १०० आणि इंदापूर ते बारामती सुमारे ५०. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. रस्ता, वाहतूक आणि वेळेनुसार ते बदलतील.

घर क्रमांक १ (इंदापूरजवळची वस्ती): 'पडून राहा' यात ३० मिनिटे. भावकीला फोन करून सल्लामसलत २०. गाडीची जुळवाजुळव २०. जवळच्या दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शन ४०. मग थेट पुणे १६५. तिथे तपासणी, सीटी स्कॅन आणि औषध सुरू होईपर्यंत ६०. एकूण ३३५ मिनिटे. मर्यादा ६५ मिनिटांपूर्वीच संपली.

घर क्रमांक २ (त्याच वस्तीवर): लक्षण ओळखून फोन ५ मिनिटे. रुग्णवाहिका यायला २५. सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या रुग्णालयापर्यंत ६०. तिथे ६०. एकूण १५० मिनिटे. हातात १२० मिनिटे शिल्लक.

दोन्ही घरांचे अंतर सारखे, रस्ता सारखा. फरक पडला तो पहिल्या तासातल्या निर्णयांमुळे आणि कुठे जायचे हे आधी ठाऊक असल्यामुळे. 'मोठे रुग्णालय' गाठण्याच्या नादात जवळचे सीटी स्कॅन ओलांडून पुढे जाऊ नका. जवळच्या ठिकाणी औषध सुरू करून मग पुढच्या उपचारासाठी मोठ्या केंद्रात हलवता येते.

झोपेतून उठल्यावरच लक्षण दिसले तर?

मग वेळ मोजायची ती माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला तिथपासून. रात्री दहाला बोलून झोपला आणि पहाटे पाचला हात लुळा आढळला, तर डॉक्टरांना दोन्ही वेळा सांगा. 'आता वेळ गेली' असे स्वतः ठरवून घरी थांबू नका. काही रुग्णांत विशेष स्कॅन पाहून उपचार करता येतात. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेच्या मदतीने काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते.

दहा मिनिटांत सगळे ठीक झाले. आता दाखवायची काय गरज?

हा सगळ्यात फसवा प्रकार. तोंड वाकडे झाले, हात बधिर झाला आणि चहा होईपर्यंत सगळे पूर्ववत. घरात सुटकेचा श्वास टाकला जातो. याला सौम्य किंवा तात्पुरता झटका म्हणतात. गुठळी आली आणि स्वतःच सरकली, इतकाच त्याचा अर्थ. पुढच्या मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो.

इथे वेळेवर केलेल्या उपचाराचा फायदाही मोठा आहे. ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा झटका किंवा सौम्य पक्षाघात आलेल्यांना तातडीने तपासून औषधे सुरू केल्यावर ९० दिवसांतल्या पुढच्या पक्षाघाताचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. म्हणून लक्षण गेले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तरुणांना होत नाही ना?

होतो. 'झिरोधा' कंपनीचे संस्थापक नितीन कामत यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये समाजमाध्यमावर स्वतःच सांगितले, की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी त्यांना सौम्य पक्षाघात झाला होता. चेहरा बराच ओघळला होता, वाचता-लिहिता येत नव्हते. तेव्हा ते चाळिशीत होते आणि नियमित व्यायामासाठी ओळखले जात. वडिलांचे निधन, कमी झोप, थकवा, शरीरातले पाणी कमी होणे आणि अति व्यायाम अशी संभाव्य कारणे त्यांनी मांडली होती. वय कमी आहे आणि तब्येत धडधाकट दिसते, एवढ्यावरून लक्षण झटकून टाकू नये.

सर्वसाधारणपणे मोठा वाटा मात्र उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा असतो. यातला रक्तदाब सर्वांत महत्त्वाचा, कारण तो दुखत नाही. '१४०/९० च्या वर आहे, पण मला काही त्रास नाही' म्हणून गोळी सोडणारे प्रत्येक गावात सापडतील.

दोन्ही पायांपासून बधिरपणा वर चढत असेल तर?

जानेवारी २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याने 'जीबीएस' म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम हे नाव घरोघरी ऐकले. सिंहगड रस्ता परिसर, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत रुग्ण वाढले आणि जिल्ह्यातली संशयित रुग्णसंख्या २०० च्या पुढे गेली. काहींचे मृत्यूही झाले. काही रुग्णांच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू आढळला आणि दूषित पाण्याकडे बोट गेले.

या आजारात पोटाच्या किंवा श्वसनाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. जुलाब होऊन एक ते तीन आठवडे झाले, दोन्ही पायांना मुंग्या आल्या, जिना चढणे किंवा खाली बसून उठणे जड झाले आणि अशक्तपणा दिवसागणिक वर सरकतोय, असे असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. गिळताना त्रास किंवा श्वास अपुरा वाटला तर तात्काळ. छातीचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वास लागतो. वेळेत उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

पाठीच्या कण्याचाही एक तातडीचा प्रकार आहे. कंबरदुखीसोबत दोन्ही मांड्यांच्या आतला आणि बसण्याचा भाग बधिर झाला आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मणक्यातल्या नसांवर मोठा दाब आलेला असू शकतो. इथेही दिवस नव्हे, तास महत्त्वाचे.

साखर कमी झाली तर पक्षाघातासारखेच दिसते

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने एकादशीला गोळी घेतली, पण उपवासामुळे पोटात काही नाही. थोड्या वेळाने घाम, थरथर, चक्कर, अडखळते बोलणे, कधी एका बाजूला अशक्तपणाही. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर असे होऊ शकते. घरात साखर मोजायचे यंत्र असेल तर लगेच मोजा.

माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर तीन ते चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. सुधारणा नसेल तर पुन्हा द्या आणि रुग्णालयात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. साखर वाढूनही हात-पाय-बोलणे पूर्ववत झाले नाही, तर पक्षाघात समजूनच पुढे चला.

वारी, ऊसतोड आणि उन्हातली घेरी

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने सराटीकडे जाते. आषाढातही ऊन लागते, दमट हवेत घाम वाळत नाही आणि अनेक वारकरी वयस्क असतात. रक्तदाबाची गोळी, कमी पाणी आणि सलग चालणे एकत्र आले की डोळ्यांसमोर अंधारी येते. हंगामात पहाटेपासून फडात राबणाऱ्या ऊसतोड कामगारांचेही तसेच.

अशा वेळी सावलीत आडवे करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा. शुद्धीवर असल्यास थोडे-थोडे ओआरएस द्या. पाकीट एक लिटरचे असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे, ग्लासभर पाण्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

पण अंग भाजतेय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झटके येतायत किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर मेंदू, मूत्रपिंड सगळेच धोक्यात येतात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. थंड करणे हाच पहिला उपचार.

शेतातली दोन कारणे विसरू नका

फवारणी: डाळिंब, द्राक्ष, भाजीपाल्यावर फवारणी करताना किंवा त्यानंतर चक्कर, मळमळ, तोंडाला लाळ, भरपूर घाम, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशाच विषबाधेने २० हून अधिक जणांचे प्राण गेले. कपडे लगेच काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत न्या. त्यावरचे नाव वाचून डॉक्टर उतारा ठरवतात.

मण्यार: रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली तर ना फारशी वेदना होते, ना सूज. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे-गिळणे अवघड होते. 'वारं गेलं' समजून वेळ जातो. जमिनीवर झोपलेल्याच्या पापण्या पडू लागल्या तर डॉक्टरांना सर्पदंशाची शंका बोलून दाखवा. मांत्रिक, चिरा मारणे, घट्ट आवळून बांधणे यात वेळ घालवू नका. रुग्णाला कमीत कमी हलवा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्या.

मग घाबरण्याचे कारण कधी नसते?

- उठल्यावर अंधारी: झोपलेले असताना झटकन उभे राहिल्यावर काही सेकंद अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर डॉक्टर गोळ्या आणि पाणी यांचा मेळ तपासतात. रात्री लघवीला उठणाऱ्या ज्येष्ठांनी आधी कडेला मिनिटभर बसावे.
- कूस बदलताना गरगरणे: कुशीवर वळताना किंवा वर पाहताना मिनिटभराच्या आत थांबणारी भोवळ बहुधा आतल्या कानातले सूक्ष्म कण सरकल्याने येते. डॉक्टर डोक्याच्या ठराविक हालचालींनी ते जागेवर आणतात. यासाठी वर्षानुवर्षे चक्करची गोळी घेण्याची गरज नसते.
- धडधड, जलद श्वास, दोन्ही हातांना आणि ओठांभोवती मुंग्या: भीतीच्या झटक्यात श्वास वेगाने होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्यामुळे मुंग्या, हलके डोके, बोटे आखडणे असे होते. सावकाश श्वासाने ते उतरते. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. मात्र हा त्रास पहिल्यांदाच झाला असेल तर हृदयाची तपासणी आधी, 'टेन्शन आहे' हा निष्कर्ष नंतर.

हे प्रकार जीवघेणे नसले तरी वारंवार होत असतील, तर काही दिवसांत दाखवा.

हळूहळू वाढणाऱ्या मुंग्या

महिनोन्‌महिने तळपायाची आग होते, चप्पल निसटलेली कळत नाही. याची दोन नेहमीची कारणे म्हणजे मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. दूध-दही कमी घेणारे शाकाहारी, ज्येष्ठ आणि बराच काळ मेटफॉर्मिन घेणारे यांनी बी-१२ तपासून घ्यावे. कमतरता फार काळ राहिली तर नसांचे नुकसान कायमचे होऊ शकते.

रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दबलेली असू शकते. हाताने धार काढणे, सतत खुरपणे, शिलाई अशा मनगटाच्या कामांत ती दिसते. ताकद कमी होण्याआधी दाखवले तर साध्या पट्ट्यानेही अनेकांना आराम पडतो.

हे मुळीच करू नका

- पक्षाघाताच्या संशयात पाणी, चहा, गोळी काहीही तोंडावाटे देऊ नका.
- सीटी स्कॅनआधी स्वतःहून ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर तो वाढतो.
- रक्तदाब जास्त दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. दाब एकदम उतरला तर मेंदूचे नुकसान वाढते.
- कांदा-चप्पल हुंगवणे, कबुतराचे रक्त चोळणे, दोरा बांधणे यात एक मिनिटही घालवू नका.
- लक्षणे असलेल्या माणसाने स्वतः दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवत दवाखान्यात जाऊ नये.

बारामती-इंदापुरात कुठे जायचे?

बारामतीत २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. शहरात सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आणि भिगवणला ग्रामीण रुग्णालय आहे. याशिवाय खासगी रुग्णालये आहेतच.

१०८ ही सेवा राज्यात २०१४ पासून मोफत आणि चोवीस तास चालते. रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात. फोनवर 'चक्कर आली' एवढेच सांगू नका. 'एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळतेय, सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाले' असे सांगा आणि सीटी स्कॅनच्या ठिकाणी न्यायला सांगा. गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने, रुग्णाला कुशीवर झोपवून निघा.

खर्चाच्या चिंतेने निर्णय लांबू देऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणता उपचार त्यात बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रुग्ण आत गेल्यावर कागदपत्रांसाठी दुसऱ्याला घरी पाठवता येते.

आजच दहा मिनिटे काढा

१. घराजवळच्या दोन रुग्णालयांना फोन करून विचारा: रात्रीही सीटी स्कॅन होतो का? गुठळी विरघळवण्याचे औषध दिले जाते का? ज्यांचे उत्तर 'हो', त्यांचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा.
२. घरातल्या प्रत्येकाची औषधे आणि आजार यांची यादी करून तिचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती ठळक लिहा.
३. तिशीच्या पुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्या. सुरू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका.
४. तोल, नजर, चेहरा, हात, बोलणे, वेळ हे सहा शब्द घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही शिकवा. शेतावर मोठी माणसे नसताना घरी आजी-आजोबांसोबत बहुधा तेच असते.

पहाटे बादली सुटली तर आधी घड्याळ पाहा, मग फोन उचला. तपासणीत काहीच निघाले नाही तर एक फेरी वाया जाईल, आणि ती वाया गेलेलीच बरी.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)*